मायची कण्हेर

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमच्या चिखली तालुक्यात तेव्हा पाऊसच रुसला होता. माय खडी फोडायला जायची. एका सांजेला ती आली तेव्हा हाताला फोड होते, अन् पदरात सुकडीसोबत कण्हेरीची फांदी.

बाप खवळला, "प्यायले पानी नाही, अन् तुले फुलं सुचते?"

"हातपाय धुतलेलं पानी तं हाये ना," म्हणत तिनं फांदी मोरीकडेला रोवली. कण्हेर विषारी, शेळी तोंड लावत नाही. कुंपणही लागलं नाही. जगली.

मायनं जन्मात रोप विकत घेतलं नाही. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू वाळवून ठेवायचा अन् मृगात पेरायचा. गुलबक्षीचं बी शेजारून, शेवंतीची पिलं मावशीकडून. बदल्यात आपल्याकडचं द्यायचं.

बाप पुढं रोज त्याच कण्हेरीची फुलं देवाला न्यायचा. पण मायले एकदाही 'बरं केलं' म्हणाला नाही. मी तरी कुठं म्हणालो?

औंदा सुनेनं शेगावहून दीडशेचा कलमी गुलाब आणला. उन्हाळ्यात कलम वाळलं, खालून रानगुलाब फुटला. पोर हिरमुसली. "जोडाखालचा फुटवा वेळीच तोडा लागते," मी सांगितलं. मग मृगात मायच्या कण्हेरीची वीतभर फांदी तिला दिली. तिनं रोवली, चिकाचे हात धुतले.

मी मुद्दाम म्हटलं, "बरं केलं, पोरी."