भाद्रपदातली विहीर

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली, तेव्हा त्यातला ‘क्षेपणभूमी’ हा शब्द मला कळला नाही. शेजारच्या शहराचा कचरा आमच्या गायरानात पुरणार, असा अर्थ तात्यांनी, माझ्या चुलतसासऱ्यांनी, सांगितला. खाली जनसुनावणीची तारीख होती. ग्रामसभेसारखे हात वर करायचे, ठराव करायचा, अशी माझी समजूत.

तसं नसतं. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीत मतदान होत नाही. लोकांच्या हरकती नोंदवतात, प्रकल्पवाल्यांनी अंतिम अहवालात त्यांची दखल घ्यायची, आणि मंजुरीचा निर्णय राज्य पातळीवर होतो. हे ऐकून मी हबकलेच. मग आम्ही तिथं जाऊन करायचं काय? तालुक्याच्या एका वकीलताई म्हणाल्या, “हरकत नेमकी लिहा. मोघम लिहिलं तर उत्तरही मोघम येतं.” हातात ३० दिवस होते.

प्रकल्पाच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हा परिषदेत वाचायला ठेवला होता. मराठी सारांश वीसेक पानांचा, मूळ इंग्रजी अहवाल उशीएवढा जाड. बारावीच्या इंग्रजीवर मी तीन दिवस तो चाळला. हवा, माती, आवाज, झाडंझुडपं, तक्त्यामागून तक्ते. काही केल्या धागा सापडेना. तिसऱ्या दिवशी भूजलाच्या तक्त्यावर महिने दिसले: मार्च ते मे.

पावसाळा सोडून एका ऋतूची मोजणी नियमाला चालते. पण आमच्याकडे मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो आणि भाद्रपदात वाकून कळशी भरता येते. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, तेही पावसातच वाढतं. धोक्याचे चार महिने अहवालात नव्हतेच. गायरानाच्या कडेचा ओढाही नकाशात नव्हता. मेमध्ये तो कोरडा असतो.

वकीलताईंनी तेव्हा लागू असलेले २०१६ चे घनकचरा व्यवस्थापन नियम दिले. खड्ड्याच्या तळाला ९० सेंटिमीटर मातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर. आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी त्या मातीच्या थराच्या तळापासून किमान दोन मीटर खाली हवी. ‘सर्वांत वरची’ हे शब्द मी वहीत दोनदा लिहिले.

तात्यांचं आयुष्य विहिरी खणण्यात गेलं. काळ्या पाषाणातलं पाणी फटी धरून आडवं पळतं, कुठं निघेल सांगता येत नाही, असं ते म्हणतात. त्यांनी सुंभाला दगड बांधून गायरानाच्या कडेच्या विहिरीत सोडला. जमिनीपासून दीड मीटरवर पाणी. अहवालात त्याच विहिरीचं पाणी अकरा मीटरवर होतं, आणि खड्डा सहा मीटर खोल खणायचा होता. तात्या बराच वेळ दोराकडे बघत राहिले. “सूनबाई, हा खड्डा पाण्यातच बसतोय की,” म्हणाले. मग आम्ही सात विहिरी मोजल्या, तारखेसकट.

शहराचा कचरा कुठंतरी जायलाच हवा, हे मलाही कळतं. पण उरुळी देवाची-फुरसुंगीच्या कचरा डेपोजवळच्या विहिरी नासल्या आणि तिथल्या लोकांना टँकरची वाट बघत बसावं लागलं. खराब झालेली विहीर उपसून स्वच्छ होत नाही. म्हणून आधी नीट तपासा, एवढंच मागणं होतं.

जनसुनावणीच्या मांडवात अपर जिल्हाधिकारी बसले होते, कॅमेरा चालू होता, घोषणा चालू होत्या. माझा नंबर आला तेव्हा कागद हातात थरथरत होता. अहवाल करणाऱ्या संस्थेचा माणूस म्हणाला, मोजणी नियमानुसार आहे. मी म्हटलं, “असेल साहेब. पण पाणी वर चढतं पावसात. पावसाळ्यात मोजा, ओढा नकाशात घाला, आणि मग सांगा.”

शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवलं. माझ्या नावापुढे एकच ओळ: ‘भूजलाबाबत चिंता व्यक्त केली.’ पोटात खड्डाच पडला. मी पुन्हा उठले आणि सात विहिरींचे आकडे जसेच्या तसे लिहून घ्या, अशी विनंती केली. दोन-चार बायका मागं उभ्या राहिल्या. आकडे लिहिले गेले, आमचा कागद सोबत जोडला गेला.

अंतिम अहवाल अजून आलेला नाही. तात्या दर सोमवारी दोर सोडतात, मी वहीत लिहिते. काल पाणी तीन मीटरवर होतं.