मोरव्याची धावपट्टी आणि आपल्या मुली

मैत्रिणींनो, भद्रावतीला पाहुणे आले की आपण त्यांना काय दाखवतो? भद्रनागाचं देऊळ, पार्श्वनाथाचं जैन मंदिर, विजासनची बौद्ध लेणी. आयुध निर्माणीचं नावही अभिमानाने सांगतो. पण चंद्रपूरच्या वाटेवर मोरवा लागतं, तिथली धावपट्टी मात्र कुणी दाखवत नाही. लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या आपण, ती कधी मागे पडली हे आपल्याला कळतही नाही. अलीकडच्या वर्षांत नागपूर फ्लाइंग क्लबने तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू केलं, तेव्हा कुठे आपल्या माना वळल्या.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. पुढे काय होणार, असं मुलींना विचारलं की नर्स, शिक्षिका, बँक अशी उत्तरं येतात. वैमानिक म्हटलं की वर्ग हसतो. "बाई, त्याला किती पैसे लागतात!" खोटं नाही ते. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण करावं लागतं आणि खर्च लाखांच्या घरात जातो. त्यासाठी अंगावरचं सोनं मोडा, असं मी कुणाला सांगणार नाही.

पण दुसरी वाट आहे, हवाई दलाची. तिथे शिकवण्याचा खर्च सरकार करतं. विंग कमांडर दीपक साठे यांचंच पाहा. त्यांचे आईवडील नागपूरला राहत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ते हवाई दलात गेले, मानाची तलवार मिळवली, चाचणी वैमानिक झाले आणि पुढे एअर इंडिया एक्सप्रेसची प्रवासी विमानं चालवू लागले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडच्या अपघातात ते गेले. मुलांपुढे त्यांचं नाव घेताना हेही झाकून ठेवू नये. आईच्या पोटात गोळा येणारच. पण त्या भीतीपायी लेकीची वाट अडवायची का?

मुलींना कोण घेतं, असं म्हणाल, तर २०१६ पासून आपल्या मुली लढाऊ विमानांत आहेत. २०२० मध्ये नागपूरची अंतरा मेहता ही महाराष्ट्रातली पहिली महिला लढाऊ वैमानिक झाली. २०२२ मध्ये प्रबोधिनीत मुलींना प्रवेश मिळाला आणि १७ जणींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेरही पडली.

तेव्हा आपल्या हातात काय आहे? दहावीचा निकाल लागला की "गणित जड जातं ना, मग सोड" असं आपण सहज म्हणून जातो. पण दोन्ही वाटांना बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. तिथे सोडलेलं गणित पुढे फार महागात पडतं, बरं का! डोळ्यांची तपासणीही वेळेवर करून घ्या, रंग नीट ओळखता येतात की नाही हेसुद्धा पाहा. आणि पुढच्या खेपेला चंद्रपूरला जाताना मोरवा आलं, की लेकीला खिडकीजवळ बसवा.