जिल्ह्यापेक्षा थोरली!
ऑफिसात सगळे नव्या हॅचबॅकच्या ईएमआयवर बोलत होते, तेव्हा मी हिंगोलीत सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली. मॉडेल १९९५चं, नंबर एमएच-२२, म्हणजे परभणीचा. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला, एमएच-३८ त्यानंतरचा. थोडक्यात काय, गाडी जिल्ह्यापेक्षा थोरली!

इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. औंढा नागनाथच्या रस्त्यावर एसटीसुद्धा ओव्हरटेक करते. करू दे बापडी! खरी पंचाईत पार्ट्सची. मुंबईतही शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. त्यात १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून नोंदणी वाढवून घ्यायची. पुढच्या महिन्यात आमची तारीख आहे. दारांचा गंज काढलाय, हॉर्न वाजतोय. हँडब्रेकचं तेवढं बघायचंय.