एकवीस दिवसांचा जमाखर्च : पेण ते लंडन

दि. ७ मे २०२४ रोजी रायगड लोकसभा मतदारसंघाचे मतदान झाले. बोटाला शाई लावून आम्ही उभयता घरी आलो, बॅगा बांधायला घेतल्या आणि दि. ९ रोजी विमानात बसलो. बोटावरची शाई लंडनमध्ये दोन आठवडे टिकली.

पेणच्या गणेशमूर्ती दरवर्षी बोटीने लंडन-अमेरिकेला जातात, हे पेणच्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्या कारखान्यांत माती मळायला, साचे भरायला आमच्या वस्तीतलेही हात असतात. पण वस्तीतले माणूस स्वतः लंडनला निघाले, ही गोष्ट नवी होती. त्यामुळे चर्चा झालीच. विहार समितीतले आमचे एक जुने सहकारी तोंडावर म्हणाले, "भाऊ, एवढ्या पैशांत विहाराचे पत्रे बदलून झाले असते." आम्ही उत्तर दिले नाही. नोकरी कारकुनाची आणि शिक्षण बी.कॉम., तेव्हा उत्तराऐवजी एक दोनशे पानी वही विकत घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले : विमानभाडे दोघांचे रु. १,२६,०००, व्हिसा प्रत्येकी ११५ पौंड. पाच वर्षे दरमहा भरलेली आवर्ती ठेव तिथेच निम्म्याहून अधिक संपली.

आम्ही गेलो ते मुळात लंडन पाहायला नव्हे. आयुष्मतीचे माहेर रोह्याजवळचे. तिची धाकटी बहीण नर्स आहे आणि २०२१ पासून लंडनच्या एका रुग्णालयात नोकरीला आहे. तिकडेच तिला मुलगा झाला. तो अडीच वर्षांचा झाला तरी आजीने त्याला फोनच्या काचेतच पाहिलेला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितले, "फोनवर ती सारखी हसते. माणूस इतकं हसत नाही. तुम्ही डोळ्यांनी बघून या नि मला खरं काय ते सांगा." हे काम शिरावर घेऊन आम्ही निघालो. बॅगेत वाल, तांदळाचे पीठ, पेणचे पोह्याचे पापड आणि सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. विमानात सामानाचे वजन ठरलेले असते. गोधडीला जागा करण्यासाठी आमचा एकुलता एक कोट घरी राहिला. लंडनच्या मे महिन्यातल्या थंडीत पहिले चार दिवस त्याची आठवण येत राहिली.

मेहुणी हॅरो भागात राहते. भाड्याचे घर, त्यात तीन कुटुंबे, स्वयंपाकघर सामाईक. आमची चाळ आठवली. पहिल्या रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड होता, त्यामुळे जेवायची वेळच कळेना. सकाळी साडेआठला दार वाजले. मेहुणी रात्रपाळी करून आली होती. साडूभाऊ पायात बूट घालून दाराशीच उभे होते. मुलाला नवऱ्याच्या कडेवरून तिने आपल्या कडेवर घेतले आणि साडूभाऊ कामावर निघून गेले. बोलणे फक्त "दूध दिलंय" एवढेच. नवरा-बायकोची दिवसभरातली भेट म्हणजे ती दारातली.

साडूभाऊ बी.एस्सी. आहेत. रोह्याला धाटावच्या एका रासायनिक कारखान्यात केमिस्ट होते. लंडनमध्ये ते गोदामात खोकी उचलतात. रोह्यात मात्र सर्वांना माहीत आहे की जावई ऑफिसात आहेत. दुसऱ्या दिवशी मेहुणी भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "भाऊजी, आयेला गोदामाचं सांगू नका. आणि रात्रपाळीचंही नको. ताई, तूसुद्धा." आयुष्मतीने हो म्हटले नाही की नाही म्हटले नाही. तिने पदर खोचला आणि पुढचे तीन आठवडे घरचा स्वयंपाक व भाच्याचे करणे आपल्याकडे घेतले. सहलीला गेलेली बाई बाळंतपणाला गेल्यासारखी राबली. बहीण मात्र दुपारी चार-चार तास सलग झोपू लागली.

प्रेक्षणीय स्थळांचे फार सांगत नाही. थेम्स नदी, टॉवर ब्रिज, राणीचा म्हणून प्रसिद्ध असलेला आणि आता राजाचा झालेला वाडा, हे सर्व बाहेरून पाहिले, कारण बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत. बसचे भाडे त्या वेळी पावणेदोन पौंड होते. पौंड साधारण एकशे पाच रुपयांचा, म्हणजे एका फेरीचे माणशी रु. १८४. आम्ही प्रत्येक वेळी तोंडाने गुणाकार करीत असू. चौथ्या दिवशी आयुष्मतीने दम दिला, "पुन्हा रुपये काढलेत तर मी बसमधून उतरेन." तेव्हापासून गुणाकार मनातल्या मनात.

एक ठिकाण मात्र पोटभर पाहिले. ब्रिटिश म्युझियम. प्रवेश फुकट, हे कामगार कुटुंबांनी लक्षात ठेवावे. तिथे काचेआडच्या एका दालनात आंध्रमधील अमरावतीच्या स्तूपाचे चुनखडी दगडातले शिल्पपट आहेत. आम्ही दरवर्षी माहेरवाशिणीबरोबर रोह्याहून तळ्याच्या पुढे कुड्याच्या लेण्यांवर जातो. तिथली २६ लेणी, समोरची खाडी, आणि भिंतींवर दान देणाऱ्यांची नावे. माळ्याने दिलेले दान, लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिलेले दान. दोन हजार वर्षांपूर्वीची ती जमेची बाजूच आहे, असे आम्हा कारकुनाला नेहमी वाटत आले. अमरावतीच्या दगडांवरही दानाचे लेख आहेत. दिवा मंद, हवा थंड, धूळ नाही. आयुष्मती बराच वेळ उभी राहून म्हणाली, "इथं नीट ठेवलंय. पण इथं खाडीचा वारा नाही." कुड्याला वटवाघळांचा वास येतो, तरी तिचे म्हणणे आम्हाला पटले.

याच म्युझियमच्या वाचनगृहात बाबासाहेब ग्रंथ वाचीत बसत. ग्रंथालय आता सेंट पँक्रसच्या वेगळ्या इमारतीत गेले आहे आणि ते गोल दालन आम्ही गेलो तेव्हा बंद होते. आम्ही बाहेरच्या चौकातून त्या गोल भिंतीला एक फेरी मारली.

आता ज्यासाठी वाचक थांबले असतील ते. दि. १८ मे, शनिवार. मेहुणीने तीन वर्षांत १०, किंग हेन्रीज रोड पाहिलेले नव्हते. सुट्टीच्या दिवशी तिला झोप काढायची असते, कपडे धुवायचे असतात. त्या दिवशी ती रात्रपाळीहून आली, आंघोळ केली आणि म्हणाली, "चला, आज नाही तर कधीच नाही." साडूभाऊंनी मुलाला खांद्यावर घेतले. किंग्ज क्रॉसला गाडी बदलून चॉक फार्म स्टेशनला उतरलो. तिथून रेल्वेच्या रुळांवरचा पूल ओलांडला की प्रिमरोझ हिलचा भाग लागतो. रस्ता शांत, एकमेकांना लागून उभी घरे. दाराशेजारच्या भिंतीवर निळी गोल पाटी आहे : १९२१-२२ मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. हे घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाखांहून अधिक पौंड देऊन घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन झाले. पुढे राहत्या घराचे स्मारक करण्यास तिथल्या नगर परिषदेने हरकत घेतली. प्रकरण सरकारपर्यंत गेले आणि २०२० च्या मार्चमध्ये स्मारकाला परवानगी मिळाली. आत छायाचित्रे आहेत, ग्रंथ आहेत.

आम्ही एकेका छायाचित्रापुढे उभे राहिलो. बी.कॉम.च्या वर्षाला असताना 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे पुस्तक आम्ही ग्रंथालयातून आणून अर्धे वाचले होते आणि अर्धे समजले नव्हते. १९२३ साली बाबासाहेबांना ज्यासाठी डी.एस्सी. मिळाली, तो हा प्रबंध. त्या घरात उभे असताना त्यातली एक साधी गोष्ट नव्याने कळली. १९२० च्या जुलैमध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजच्या नोकरीतली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज घेऊन दुसऱ्यांदा लंडनला निघाले, तेव्हा एका पौंडाला अकरा रुपयांच्या आसपास पडत. १९२१ च्या प्रारंभी तोच पौंड पंधरा-सोळा रुपयांना झाला. म्हणजे हिंदुस्थानातून मागवायच्या प्रत्येक रुपयाचे लंडनमध्ये आधीपेक्षा कमी पौंड हाती येणार. इकडे मुंबईत रमाई संसार चालवीत होत्या. रुपया का घसरतो हे विचारणारा विद्यार्थी स्वतः घसरत्या रुपयावर दिवस काढीत होता. आम्ही बसमध्ये तोंडाने करीत होतो तो गुणाकार त्यांनी किती वेळा केला असेल!

हे आयुष्मतीला सांगावे म्हणून वळलो तर तिने तोंडावर बोट ठेवले. मेहुणी खोलीतल्या एका खुर्चीत झोपली होती. मान कलती, हातात मुलाची टोपी तशीच. तिथल्या कर्मचाऱ्याने तिच्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि तो दुसऱ्या खोलीत गेला. कोणी तिला उठविले नाही. तिच्या डोक्यावर बाबासाहेबांचे चित्र होते. पाऊण तास आम्ही चौघे, मुलगासुद्धा, कुजबुजत हिंडलो. जागी झाल्यावर ती ओशाळली. मग तिने अभिप्रायाच्या वहीत नाव लिहिले आणि पत्ता हॅरोचा न लिहिता 'रोहा, जि. रायगड' असा लिहिला. एलएसई कॉलेज आम्ही नंतर रस्त्यावरूनच पाहिले.

दि. २३ मे रोजी बुद्ध पौर्णिमा झाली. त्यानंतरच्या रविवारी आम्ही उभयता वुल्व्हरहॅम्प्टनला गेलो. रेल्वेचे भाडे ऐकून कोचची तिकिटे काढली. तिथे अप्पर झोअर स्ट्रीटवर बुद्ध विहार आहे, तो पंजाबातून गेलेल्या आपल्या बांधवांनी उभा केला. आमचे मराठी, त्यांची पंजाबी, दोघांची मोडकी हिंदी. परंतु 'जयभीम' म्हटल्यावर चहा आला आणि पाठोपाठ जेवणाचे ताटही. एका वृद्ध गृहस्थांनी तरुणपणी लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात काम केलेले. हातावर जुने भाजल्याचे डाग. ते सांगत होते की मालक गोरा असे, तो जात विचारत नसे, विचारीत ते आपल्याच गावाकडचे लोक. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद होती, पण २०१८ साली तिथल्या सरकारने तसा कायदा न करण्याचे ठरविले. हे त्यांना तोंडपाठ होते. आम्ही विहाराच्या छपराकडे पाहिले. वर्गणी कशी गोळा केली ते विचारले. "पगाराच्या दिवशी," ते म्हणाले, "दुसऱ्या दिवशी मागितले तर मिळत नाही." हे आम्ही वहीत लिहून घेतले. आमच्या समितीची वर्गणी महिन्याच्या वीस तारखेला मागण्याची प्रथा आहे.

दि. ३० मे रोजी निघालो. मेहुणीने दारात पुन्हा विचारले नाही. विमानात आयुष्मती म्हणाली, "आयेला मी सांगणार." आम्ही म्हटले, "ती नको म्हणाली होती." त्यावर, "मी हो म्हटलं नव्हतं."

पेणला बॅगा टाकल्या आणि दिवा-रोहा गाडी पकडली. सासूबाई ओट्यावर वाट पाहत होत्या. आधी छायाचित्रे दाखविली, किंग हेन्रीज रोडची पाटी दाखविली. त्या पाटीला त्यांनी फोनवरूनच हात जोडले. मग आयुष्मतीने सगळे सांगितले. रात्रपाळी, दारातली भेट, गोदाम, खुर्चीतली झोप. सासूबाईंनी मध्ये एकही शब्द काढला नाही. आम्हाला वाटले, आता रडतील. त्या म्हणाल्या, "तुमचे सासरे काय धाटावला खुर्चीत बसून पगार घेत होते? पोत्यांनी खांदे सोलून यायचे, नि मी गावात सांगायची, साहेबांच्या हाताखाली आहेत." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "दुपारची झोपते ना पण?" आयुष्मती म्हणाली, "मी होते तोवर झोपली."

वहीत शेवटचा आकडा रु. २,३१,४०० आला. विहार समितीच्या बैठकीत आम्ही तो वाचून दाखविला आणि वर्गणी पगाराच्या दिवशी मागण्याची सूचना मांडली. पत्र्यांचा विषय निघालाच. जुन्या सहकाऱ्यांनी वही मागून घेतली, पाने उलटली आणि १८ मेच्या पानावर थांबून विचारले, "हे घर पाहायला तिकीट किती?" आम्ही म्हटले, "काही नाही." ते म्हणाले, "मग ते शून्यही लिहा. हिशोब पुरा पाहिजे."

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी जुनी लुगडी उकलायला घेतली होती. छायाचित्रात नातवाचे पाय गोधडीच्या बाहेर आलेले त्यांनी पाहिले होते.