नवलूरची सावली

तुम्ही कधी धारवाडहून हुबळीला जुन्या लाल बसनं गेला असाल, तर नवलूरजवळ आलं की अंगावर गारवा कसा उतरायचा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकमेकींत अशा गुंतलेल्या, की चैत्रातल्या भर दुपारीसुद्धा रस्त्यावर कवडसेच काय ते सांडायचे, उघड्या खिडकीतून निंबाच्या फुलोऱ्याचा कडसर गोड वास आत यायचा, आणि पेरूंच्या दिवसांत बस थांबली रे थांबली की टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायकांचा "पेरलहण्णू, पेरलहण्णू" असा गलका खिडकीशी व्हायचा. आज्जी पदराची गाठ सोडायची, पण पेरू नाकाशी नेऊन हुंगल्याशिवाय पैसे द्यायची नाही. आणि बस पुढे निघाली की झाडांना हात जोडायची, मारुतीच्या देवळावरून जाताना जोडायची तसेच. ज्यांनी लावली ते सावलीला थांबले नाहीत गं, म्हणायची.

जलद बसमार्गासाठी रस्ता रुंद झाला आणि ती झाडं गेली. 2018 पासून त्या 22 किलोमीटरवर 'चिगरी' बस धावते; गार असते, वेळेवर पोहोचवते, आणि तिच्या काचा बंद असतात. उणकलचं तळं दिसतं, पण पाण्यावरून येणारा तो शेवाळी वारा आत येत नाही. नवलूर आलं हे आता फलकावर वाचायचं.

याच मातीत, हावेरी धारवाड जिल्ह्यातच होतं तेव्हा, तिकडच्या कुसनूर गावाला 14 नोव्हेंबर 1987 रोजी माणसं जमली होती. गावांच्या सामायिक जमिनी, सुमारे 30 हजार हेक्टर, कागदाच्या लगद्याच्या निलगिरीसाठी 'कर्नाटक पल्पवुड'ला देऊ केलेल्या. धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाबरोबर गावकऱ्यांनी निलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी गावाच्या उपयोगाची झाडं लावली. कित्तिको, हच्चिको. उपटा आणि लावा. 1991 मध्ये ती कंपनी गुंडाळावी लागली. त्या मातीनं भरलेल्या हातांचा मला फार आधार वाटतो, अजूनही.

नवलूरच्या रस्त्याला मात्र तो आधार पुरत नाही. तिथे आज लावलेली चिंच तेवढी सावली धरेल तेव्हा माझी नात आज्जी झालेली असेल, आणि तोवरचं सगळं ऊन तिच्याच डोक्यावर आहे.