सासरी गेलेले खेळाडू

वर्तमानपत्राच्या ज्या मजकुराकडे आपण ढुंकूनही पाहत नाही, त्यावरसुद्धा कोणाचा तरी जीव जडलेला असतो. कोणाला बाजारभाव लागतात, कोणाला नाटकांच्या जाहिराती, तर कोणी सकाळी सकाळी निधनवार्ताच आधी उघडतो. अमेरिकेत आणि कॅनडात बेसबॉलच्या वेडाने झपाटलेली जी माणसे आहेत, त्यांचा जीव एका बारीक टाइपातल्या तक्त्यावर असतो. हेन्री चॅडविक नावाच्या वार्ताहराने एकोणिसाव्या शतकात हा तक्ता रूढ केला. आदल्या दिवशी कोणता खेळाडू किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला, त्याचे किती फटके यशस्वी झाले, त्याने किती धावा काढल्या, हे सारे त्यात असते. एका माणसाला एक ओळ. त्या ओळीत ना स्तुती, ना निंदा.

आपल्या संघाचा तक्ता आधी वाचावा, हे सरळच आहे. पण मुरलेल्या शौकिनाचे बोट तेथे थांबत नाही. ते हळूच परगावच्या तक्त्यांकडे सरकते आणि एखाद्या नावावर येऊन टेकते. हे नाव कधी काळी आपल्या संघात असते. आता त्याचा संघ वेगळा, टोपी वेगळी, गाव हजार मैल लांब. त्याच्या फटक्यांनी आपल्याला आता कसलाच लाभ नाही. झाला तर तोटाच. तरीही काल त्याने दोन फटके मारले हे वाचून हा इकडे गालातल्या गालात हसतो.

मला ही गंमत प्रथम कळली ती मॉन्ट्रियलमध्ये. लग्न झाले आणि यजमानांच्या नोकरीमुळे १९९७ च्या शरदात मी त्या शहरात जाऊन पडले. तेथल्या जुन्या घरांना रस्त्याच्या अंगाने लोखंडी जिने असतात. समोरच्या जिन्यावर एक फ्रेंच बोलणारे, साठी उलटलेले गृहस्थ वर्तमानपत्र आणि एक वही घेऊन बसत. नोव्हेंबरात एके दिवशी त्यांचा चेहरा फार उतरलेला दिसला. घरात कोणी आजारी आहे की काय, असे मी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये विचारले. ते म्हणाले, "पेद्रो गेला. आता रोज बोस्टनचेही पाहावे लागणार."

पेद्रो म्हणजे पेद्रो मार्टिनेझ. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्या वर्षी आपल्या लीगमधला सर्वोत्तम पिचर म्हणून त्याचा गौरव झाला होता, आणि त्याच महिन्यात मॉन्ट्रियलच्या 'एक्स्पोज' संघाने त्याला बोस्टनच्या स्वाधीन केले. कारण साधे होते. त्याला त्याच्या गुणांना साजेसा पैसा देण्याची संघाची ऐपत नव्हती.

आजोबांनी मला वही दाखवली. (मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणत असे.) डावीकडे नावे, उजवीकडे गावे. लॅरी वॉकर, मार्क्विस ग्रिसम, जॉन वेटलँड, केन हिल. १९९४ साली एक्स्पोजने ११४ सामन्यांपैकी ७४ जिंकले होते. अठ्ठावीस संघांत त्यांच्याइतका चांगला कोणीच नव्हता. अशा वेळी, १२ ऑगस्टला खेळाडूंचा संप सुरू झाला. हंगाम तेथेच संपला आणि त्या वर्षी अजिंक्यपदाची जागतिक मालिकाच झाली नाही. पुढच्या एप्रिलात हे चारही मोहरे संघाच्या हातून गेले. वाढलेल्या ताटावरून उठवावे तसे त्या शहराचे झाले. आजोबांनी मात्र वही केली. "आपली मुले कोठे आहेत, हे आपल्याला ठाऊक नको का?" असे ते म्हणत.

हा शब्द ऐकून मी चमकले. माझी आई हेच करीत होती! वाईला आमच्या आळीतून लग्न होऊन, नोकरीला लागून, घर विकून जी जी माणसे बाहेर पडली, त्या सगळ्यांची खबर तिच्याजवळ असे. फोनवर माझी चौकशी दोन मिनिटांत आटपून ती सांगू लागे: अमकीला कोल्हापुरात दुसरी मुलगी झाली, तमक्याचा मुलगा बडोद्याला चिकटला. त्यातल्या कितीतरी जणांना आईची आठवणही नसेल. मी तसे म्हटले, तर ती म्हणे, "त्यांना नसू दे गं. मला आहे ना!"

खेळाडूंचे हे सासरी जाणे पूर्वी फार कठोर होते. संघाशी एकदा करार केला, की संघ सोडील तेव्हाच सुटका, असा नियम होता. मालकाने मनात आणले तर आज येथे असलेला खेळाडू उद्या दुसऱ्या गावी. १९६९ च्या ऑक्टोबरात सेंट लुइसच्या संघाने कर्ट फ्लड या आपल्या जुन्या, गुणी खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. 'मी काही खरेदी-विक्रीचा माल नव्हे,' अशा अर्थाचे पत्र लिहून त्याने जायला नकार दिला आणि थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. १९७२ साली तो खटला हरला. तो नियम ढिला पडला १९७५ च्या डिसेंबरात, एका लवादाच्या निकालाने. त्याचा फायदा घेण्याचे फ्लडचे वय तोवर निघून गेले होते.

देवघेवीच्या त्या काळातली एक जोडी मला फार आवडते. १९६४ च्या जूनमध्ये शिकागोच्या 'कब्ज' संघाने लू ब्रॉक नावाचा तरुण सेंट लुइसला दिला आणि बदल्यात एर्नी ब्रॉग्लियो हा नावाजलेला पिचर घेतला. आदल्याच वर्षी ब्रॉग्लियोने १८ सामने जिंकून दिले होते. तेव्हा शिकागोकरांना सौदा किफायतीचा वाटला. पण त्याचे कोपर दुखावलेले होते. शिकागोला त्याने जेमतेम सात विजय मिळवून दिले, आणि १९६६ नंतर तो वरच्या दर्जाच्या खेळातून बाहेर पडला. ब्रॉकने त्याच वर्षी सेंट लुइसला जागतिक मालिका जिंकायला मदत केली, आणि १९७९ पर्यंत तेथे खेळून विक्रमांवर विक्रम केले. शिकागोच्या माणसांनी पंधरा वर्षे त्याची ओळ कशी वाचली असेल? हळहळ तर असणारच. पण 'हा पोर आधी आमचा' हा अभिमानही त्या हळहळीच्या पोटातच असतो. ब्रॉक आणि ब्रॉग्लियो यांची पुढे चांगली मैत्री झाली. सौदा मालकांनी केला होता. त्यांचे आपसांत काय भांडण?

आता खेळाडू स्वतःच्या इच्छेने जाऊ शकतो, म्हणून रागालाही जागा झाली. जॉनी डेमन २००४ साली बोस्टनच्या विजयी संघात होता. २००६ च्या मे महिन्यात तो कट्टर वैरी न्यूयॉर्कचा गणवेश घालून बोस्टनच्या मैदानात आला, तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली. उलट आल्बर्ट पुहोल्स २०११ च्या अखेरीस सेंट लुइस सोडून पैशाच्या मोठ्या करारावर कॅलिफोर्नियात गेला. २०१९ च्या जूनमध्ये तो पाहुण्या संघातून तेथे प्रथमच खेळायला आला, तर तीन दिवस तो बॅट घेऊन आला की सारे मैदान उभे राही. दुसऱ्या दिवशी त्याने होमरन मारला. होमरन म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. आपला षटकारच म्हणा ना. धाव आपल्याविरुद्ध लागलेली, तरी लोक टाळ्या वाजवीतच होते.

डेमनची हुर्यो उडवणारे काही दुष्ट नव्हते. त्यांचे प्रेम विजयात गुंतलेले होते, आणि तो विजय शत्रूच्या घरी चालला होता. आपले बहुतेक प्रेम असेच असते. त्याला परतफेड लागते. गेलेल्या खेळाडूची ओळ वाचणाऱ्याला मात्र परतफेडीची सोयच उरलेली नसते.

मॉन्ट्रियलच्या माणसांची कसोटी याहून मोठी लागली. तेथे नुसत्या लेकी गेल्या नाहीत, माहेरच उठले. २९ सप्टेंबर २००४ रोजी संघ वॉशिंग्टनला हलवल्याचे जाहीर झाले, आणि त्याच रात्री ऑलिम्पिक स्टेडियमवर ३१,३९५ लोकांसमोर एक्स्पोज घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना खेळले, तोही हरले.

जेमतेम महिनाभरात जागतिक मालिका आली: बोस्टन विरुद्ध सेंट लुइस. बोस्टनकडे पेद्रो होता. शिवाय जुलैअखेरपर्यंत मॉन्ट्रियलमध्येच खेळणारा ऑर्लांडो काब्रेरा होता. सेंट लुइसकडे लॅरी वॉकर होता. सव्वीस ऑक्टोबरच्या तिसऱ्या सामन्याला आजोबांनी आम्हांला घरी बोलावले. मी विचारले, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" ते म्हणाले, "आज कोणीही हरले तरी माझाच हरणार." आणि जरा थांबून हसले, "जिंकले तरी माझाच!"

पेद्रोने त्या रात्री सात डाव चेंडू टाकले आणि सेंट लुइसला एकही धाव दिली नाही. तो थांबल्यावर अखेरच्या डावात सेंट लुइसची एकुलती एक धाव झाली, ती वॉकरच्या होमरनने. बोस्टन ४-१ असे जिंकले, आणि दुसऱ्या दिवशी, १९१८ नंतर प्रथमच, म्हणजे ८६ वर्षांनी अजिंक्य ठरले. आजोबांनी वहीत दोघांच्याही नावापुढे नोंद केली. दहा वर्षांपूर्वी ही दोन्ही मुले एकाच अंगणात खेळत होती, हे त्या रात्री बोस्टनमध्ये किती जणांच्या ध्यानात असेल, कोण जाणे.

वॉशिंग्टनला गेलेल्या संघाच्या मागे आजोबा गेले नाहीत. त्यांची वही फक्त माणसांच्या मागे गेली, आणि वर्षागणिक नावे गळत चालली. शेवटी एकच उरले: बार्तोलो कोलोन. देहाने चांगला गरगरीत असलेला हा पिचर २००२ साली मॉन्ट्रियलला आला होता, तोही अर्ध्याच हंगामापुरता. चार दिवस राहून गेलेल्या पाहुण्याने घराण्याचे नाव पुढे चालवावे, तसा प्रकार! पण तो पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत, २०१८ पर्यंत खेळत राहिला, आणि तोवर परगावच्या तक्त्यांत मॉन्ट्रियलची म्हणून एक तरी ओळ राहिली.

त्याच २०१८ सालची आणखी एक गोष्ट सांगते. व्लादिमिर गरेरो हा १९९६ ते २००३ पर्यंत एक्स्पोजचा लाडका फलंदाज होता. १९९९ साली मॉन्ट्रियलमध्येच त्याला मुलगा झाला. त्याचेही नाव व्लादिमिर. वडिलांचे बोट धरून छोट्या गणवेशात मैदानावर उभे असलेले ते पोर त्या शहराने पाहिले होते. २०१८ च्या मार्चमध्ये टोरांटोचा संघ हंगामापूर्वीचे सराव सामने खेळायला मॉन्ट्रियलच्या त्याच जुन्या स्टेडियमवर आला. संघात हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. सत्तावीस तारखेचा सामना नवव्या डावापर्यंत शून्य-शून्य होता. अखेरीस तो बॅट घेऊन आला आणि त्याने होमरन मारून सामना संपवला. सामना नुसता सरावाचा. त्याची मोजदाद कोठल्याच विक्रमात नाही. पण ज्या मैदानावर चौदा वर्षे घरचा संघ नव्हता, तेथे म्हातारी माणसे एकमेकांना मिठ्या मारीत होती, असे आजोबा मला फोनवर सांगत होते. तोवर आम्ही पुण्याला परतलो होतो. आजोबांनी ऐंशी ओलांडली होती.

मी विचारले, "वहीत लिहिलेत का?"

"लिहिले ना!" ते म्हणाले. "तो आमच्यासाठी कधी खेळला नाही, हे मला ठाऊक आहे. पण लेकीचा मुलगा दारात आला, तर त्याला कोणी परका म्हणते का?"

आई असती, तर तिला हे फ्रेंच आजोबा लगेच कळले असते. बेसबॉल तिला समजावून सांगण्याचीसुद्धा गरज पडली नसती.