मावशीचं नाव पाठीवर

साठ मैल! म्हणजे जवळजवळ 97 किलोमीटर, तीन दिवसांत, पायी, आम्ही चार मैत्रिणी, आणि उजव्या हाताला बराच वेळ प्रशांत महासागर. परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. दुधाच्या दुकानात सांगितलं, ऑफिसात सांगितलं, मुलाच्या शाळेबाहेर ताटकळलेल्या आयांना सांगितलं. आता तुम्हाला सांगते.

सॅन दिएगोत दर नोव्हेंबरमध्ये 'सुसान जी. कोमेन 3-डे' नावाची पदयात्रा निघते. रोज साधारण वीस मैल चालायचं, रात्री तंबूत झोपायचं, सकाळी उठून पुन्हा चालायचं. स्तनाच्या कर्करोगावरचं संशोधन आणि रुग्णांची मदत यासाठी पैसा उभा करायचा, हा सगळा खटाटोप त्यासाठी. चालणाऱ्या प्रत्येकीने किमान 2,300 डॉलर जमवायचे असतात. इतकी वर्षं या गावात राहते, नोव्हेंबरात गुलाबी कपड्यांतल्या बायकांचे थवे रस्त्याने जाताना पाहिलेले, पण ते आपलं काम आहे असं कधी मनातच आलं नव्हतं. यंदा एका मैत्रिणीने नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हा तिघींचीही घातली!

पैसे मागायचे कसे, हा पहिला घाट. हात पसरायची सवय आपल्याला नसते. मग दिवाळी मदतीला आली. आम्ही फराळाचे डबे विकायला काढले. चकल्या, करंज्या, शंकरपाळे, शेव, आणि ज्यांनी आधी सांगितलं त्यांच्यासाठी अनारसे. चार घरांत रात्री उशिरापर्यंत सोऱ्या फिरत होता. आणि मग जे झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. डबा न्यायला आलेली माणसं दारातून हलेनात. एक काका चकलीचा डबा काखेत धरून उभ्या उभ्या आपल्या आईबद्दल बोलू लागले. गाठ तिला कळली होती, तिने सहा महिने कुणाला सांगितली नाही, सुनेच्या बाळंतपणात व्यत्यय नको म्हणून. एक ताई म्हणाल्या, माझं ऑपरेशन झालंय, आपल्या मराठी मंडळात कुणालाच माहीत नाही. दर दुसऱ्या डब्यामागे एक गोष्ट होती! इतकी वर्षं आम्ही एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जात होतो आणि यातलं काहीच एकमेकींना ठाऊक नव्हतं.

माझ्या घरी तरी वेगळं काय होतं? सांगलीच्या मावशीला मुंबईला टाटाला नेलं तेव्हा गल्लीत सांगितलं होतं की ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. परत आल्यावरही त्या विषयावर कुणी बोललं नाही. ती बरी झाली, पापड लाटायला बसली, आणि सगळं पदराआड गेलं. चालणाऱ्या बायका पाठीवर कुणाचं तरी नाव लावतात, म्हणून मी तिला फोन करून विचारलं, तुझं लावू का? पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "लाव. पण पूर्ण नाव लाव. आणि अक्षर मोठं काढ, लांबून वाचता आलं पाहिजे."

पहाटे अंधारातच डेल मारच्या मैदानावर पोचलो आणि काय पाहिलं! गुलाबी परकर नेसलेले पांढऱ्या दाढीचे आजोबा. डोक्याला गुलाबी पिसं लावलेल्या आज्या. नुकतीच केमोथेरपी संपलेली, डोक्यावर बारीक लव आलेली एक तरुण मुलगी, तिच्यामागे तिचं अख्खं खानदान. सुरुवातीच्या समारंभात झेंडे येतात, त्यांवर माणसांची नाती लिहिलेली असतात: माझी आई, माझी बहीण, माझी मुलगी. तिथेच आम्ही चौघींनी रडून घेतलं आणि मग निघालो.

समुद्रकाठ संपला की टॉरी पाइन्सचा चढ लागतो. आमचा दिवे घाटच तो! चढावर जी पाइनची झाडं आहेत ती इथे आणि सांता रोसा बेटावर सोडून जगात आपोआप कुठेच वाढत नाहीत, हे मला चालताना कळलं. गाडीतून शंभरदा गेले असेन, एकदाही मान वर केली नव्हती. चढाच्या कडेला अनोळखी माणसं टाळ्या वाजवत उभी. कुणी संत्र्याच्या फोडी देतंय, कुणी चॉकलेट, एक छोटा मुलगा येईल त्या प्रत्येकीला टाळी देत होता. दर काही मैलांवर थांबा, तिथे पाणी, केळी, शेंगदाण्याच्या लोण्याचं सँडविच. आम्ही भाकरवडीची पुडी उघडली तर रांगेतल्या बायकांनी ती पुढे सरकवत सरकवत संपवली.

आणि गप्पा! समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी शेजारी चालताना सहज बोललं जातं. नजर रस्त्यावर असते, पाय आपोआप पडत असतात, आणि तोंड मोकळं. ला होयाच्या उतारावर आमच्यातली जीवशास्त्रवाली सांगत होती: टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन वीस वर्षांचा अभ्यास केला, 2021 मध्ये तो प्रसिद्ध झाला. महागडं यंत्र नाही, काही नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासायचं. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले! नुसत्या हाताने! मी रस्त्यात थांबलेच. मागच्या बाईने मला हळूच बाजूला केलं.

तीच पुढे म्हणाली, अगं, इथेही आधी कुठे कुणी बोलत होतं? 1974 साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेबद्दल उघडपणे सांगितलं, तेव्हा कुठे देशभरच्या बायका तपासणीला जाऊ लागल्या. सुसान कोमेन 1980 मध्ये गेली, अवघी 36 वर्षांची. धाकट्या बहिणीने, नॅन्सी ब्रिंकरने, तिला शब्द दिला होता, त्यातून 1982 मध्ये ही संस्था उभी राहिली. एका बहिणीने गप्प बसायचं नाकारलं म्हणून मी आज या उतारावर होते. मला तर अंगावर काटा आला.

संध्याकाळी मिशन बे. पाण्याच्या कडेला गवतावर गुलाबी तंबूच तंबू! गरम पाण्याच्या न्हाणीघरांचे मोठे ट्रक, जेवणाचा भलामोठा मांडव, आणि चक्क टपाल कार्यालय. तिथे आपल्या नावाची पत्रं येऊन पडलेली असतात. माझ्या लेकाने चित्र काढून पाठवलं होतं: चार गोल डोकी आणि आठ प्रचंड बूट.

पायांबद्दल सांगायलाच हवं, कारण तीन दिवस जग तिथेच असतं. बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिन, वर पातळ मोजा, त्यावर जाड मोजा, आणि दुपारी दोन्ही जोड बदलायचे. टाच चुरचुरू लागली की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावायची, पुढच्या थांब्यापर्यंत नाही. वैद्यकीय तंबूतल्या एका स्वयंसेविकेने जमिनीवर मांडी घालून माझं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं, फोडाभोवती गोल कापलेली मऊ पट्टी बसवली, कडा अंगठ्याने दाबून दाबून चिकटवल्या. अनोळखी बाई, माझं धुळीने भरलेलं पाऊल! शेजारच्या तंबूत जग सोडून गेलेल्यांच्या आठवणी लिहायची जागा होती. तिथे मी त्या काकांच्या आईसाठी चार ओळी देवनागरीत लिहिल्या. काकांनी त्यासाठीच डब्याचे दुप्पट पैसे दिले होते.

शेवटच्या दिवशी समारोपाला, आजारातून उठलेल्या बायका एकत्र आत चालत येतात आणि आम्ही बाकीचे सगळे पायातला एक बूट काढून तो हवेत उंच धरतो. इतके बूट! मळलेले, फाटलेले, गुलाबी नाड्यांचे. मी ओरडत होते, काय ओरडत होते देव जाणे.

रात्री मावशीला फोटो पाठवले. पाठीवरचं नाव स्पष्ट दिसत होतं, लांबूनही. दोन दिवसांनी तिचाच फोन आला, आवाज नुसता फुललेला. तिने तो फोटो भिशीत सगळ्यांना दाखवला होता! कशाचं नाव, का लावलंय, सगळं स्वतः सांगितलं होतं. भिशी संपल्यावर दोघीजणी मागे थांबल्या आणि हळू आवाजात विचारू लागल्या, तपासायचं म्हणजे कुठे जायचं.

"सोमवारी नेते आहे दोघींना डॉक्टरीणबाईंकडे," मावशी म्हणाली. "रिक्षा नाही करायची म्हणून सांगितलंय. दीड किलोमीटर तर आहे. आम्ही पण चालत जाणार!"